लांब नाक, तीन वायपर आणि सात आकडी लॉगटेबल : जग्वार ई-टाइप

पत्रेवाला (मूळ लेख)

मंडळी, दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला पिंपरीहून उचलून इंग्लंडात कोव्हेंट्रीजवळ आणून टाकलं. काम नेहमीचंच, गाड्यांचा पत्रा: डाय, प्रेस, दोन दारांमधली फट किती, कुठे अर्धा मिलिमीटर वर आलंय. शेजारी एक निवृत्त टूलमेकर आजोबा राहतात. त्यांच्या गॅरेजात १९६३ची जग्वार ई-टाइप आहे, ३.८ लिटर, बंद टपाची. दीड वर्ष आमचं नुसतं हवापाण्यावर चालू होतं. मग एका रविवारी त्यांना बॉनेट काढायला दुसरा माणूस हवा होता आणि मी नेमका फाटकाशी कचऱ्याचा डबा घेऊन उभा.

आपल्याकडे बॉनेट म्हणजे इंजिनावरचं झाकण. इथे बॉनेट म्हणजे दोन्ही मडगार्डं, नाक, हेडलाइटची घरं, सगळं मिळून गाडीचा पुढचा निम्मा भाग. तो पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडतो. आजोबांनी वायरींचा प्लग सोडवला, बिजागरीचे बोल्ट काढले, आणि ते धूड आम्ही दोघांनी अलगद लॉनवर टाकलेल्या जुन्या गाद्यांवर नेऊन पालथं घातलं.

पत्र्याच्या धंद्यातला माणूस आधी उलटी बाजू बघतो. वरून बघाल तर मडगार्ड आणि मधला फुगवटा जिथे भेटतात तिथे क्रोमची एक बारीक पट्टी काचेपासून हेडलाइटच्या दिशेने धावत जाते. फोटोत मला ती कायम दागिना वाटायची. आतून हात फिरवला तर दोन पत्र्यांच्या दुमडलेल्या कडा आणि त्यांना जोडणारे बोल्ट. ती पट्टी सांधा झाकायला आहे! एवढा मोठा, एवढा वळणदार भाग एका ठोक्यात दाबायचा तर डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च छोट्या कंपनीला कुठून झेपणार? म्हणून तुकडे केले, तुकडे बोल्टांनी जोडले आणि जोडावर गोट लावला. ब्लाउजला लावतात तसा.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे. या गाडीत जे देखणं आहे आणि जे छळणारं आहे, ते दोन्ही एकाच ठिकाणाहून आलंय. हाताशी पैसा बेताचा, माणसं मोजकी, आणि आकडेमोड मात्र कसून.

इंजिनच घ्या. एक्सके नावाचं सहा सिलिंडरचं इंजिन. महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडून आग लागली तर विझवायला रात्रपाळीने पहारा असे. त्या पहाऱ्यात मालक विल्यम लायन्स आणि त्यांचे इंजिनियर विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन, क्लॉड बेली युद्धानंतरच्या इंजिनाचे बेत आखत बसत. १९४८ मध्ये ते एक्सके-१२० या गाडीत आलं. दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, अॅल्युमिनियमचं हेड, आणि पिस्टनची धाव १०६ मिलिमीटर. आता धाव लांब म्हणजे इंजिन उंच. रेसच्या डी-टाइपमध्ये त्यांनी ते थोडं कलतं करून आणि तेलाची टाकी वेगळी ठेवून खाली बसवलं होतं. रस्त्यावरच्या गाडीला ते सोपस्कार परवडत नव्हते, इंजिन सरळ उभं राहिलं आणि बॉनेटच्या मधोमध उंचवटा आला. ज्या फुगवट्यावर लोक हात फिरवतात तो तिथे नाइलाजाने आहे.

ही सगळी वळणं काढली माल्कम सेयर या माणसाने. मूळचा विमानवाला. युद्धात ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत होता, नंतर काही काळ बगदादला शिकवायला गेला, आणि १९५०च्या सुमारास जग्वारमध्ये आला. सी-टाइप आणि डी-टाइप या त्याच्याच. या दोघींनी मिळून ल मां ची २४ तासांची शर्यत १९५१, ५३, ५५, ५६ आणि ५७ अशी पाच वेळा मारली. त्याला कुणी 'स्टायलिस्ट' म्हटलेलं खपत नसे. तो मातीचा नमुना घडवत बसत नसे. लांबलचक कागदावर आकड्यांचे रकाने: गाडीच्या या बिंदूला इतकी रुंदी, इतकी उंची. वळण लंबवर्तुळाच्या सूत्रातून, गुणाकार-भागाकार स्लाइडरूलवर आणि सात आकडी लॉगटेबलातून. पत्रा ठोकणाऱ्याच्या हाती चित्राऐवजी आकडे जायचे. हवा कशी वाहते ते बघायला गाडीभर लोकरीचे तुकडे चिकटवायचे, गाडी पळवायची आणि फोटो काढायचे.

सांगाड्यातही विमानवाल्यांचीच रीत, आणि तीही डी-टाइपवरून उचललेली. मधला भाग पत्र्याचा बंद डबा, त्याच्या पुढे चौकोनी नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली, इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन त्या चौकटीत. १२ फेब्रुवारी १९५७ला जग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्याला मोठी आग लागली. डी-टाइपची रस्त्यावर चालणारी बहीण, एक्सकेएसएस, १६ गाड्यांवरच थांबली. ई-टाइप त्यानंतरची. १९६०ला तिचं एक रेसिंग रूप ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकनाच्या संघातून ल मां ला पळालं, पण शर्यत पुरी करू शकलं नाही.

मग १५ मार्च १९६१, जिनिव्हा. पत्रकारांना गाडी दाखवायची होती पार्क दे-ओ-व्हीव्ह या बागेत. बंद टपाची करडी गाडी (नंबर प्लेट ९६०० एचपी) घेऊन जग्वारचे बॉब बेरी कोव्हेंट्रीहून रात्रभर चालवत आले आणि जेमतेम वेळेत पोचले. गाडीत बसून बघायला इतकी झुंबड उडाली की एक पुरेना. कोव्हेंट्रीला फोन गेला, की टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइसने दुसरी घेऊन निघावं. तोही उघड्या टपाची हिरवी गाडी (नंबर प्लेट ७७ आरडब्ल्यू) रात्रभर हाकत सकाळी हजर. आजच्या भाषेत याला 'लॉन्च इव्हेंट' म्हणतात आणि त्याला आठ महिने बैठका लागतात, असो.

किंमत करासकट २,१०० पौंडांच्या आसपास. त्याच वेळी अॅस्टन मार्टिन डीबी४ला जवळपास ४,००० मोजावे लागत. २६५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, आणि हे सगळं निम्म्या दरात. बचत कुठे झाली ते मालकाला घरी नेल्यावर कळायचं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरच्या दातांचा वेग आधी जुळवून घेणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पुरती थांबल्याशिवाय तो टाकला की करकर. सुरुवातीच्या गाड्यांत पाय ठेवायचा पत्रा सपाट, उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांची बॉनेट बाहेरून चावीने उघडायची. आणि नाकाचं ते सुंदर लहानसं तोंड: हवा कापायला उत्तम, पण गर्दीत गाडी उभी राहिली की काटा लाल पट्टीकडे. आमचं रविवारचं काम तेच होतं, रेडिएटरचा विजेचा पंखा चालू होत नव्हता.

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर १९६४ला ४.२ लिटर आणि चारही गिअर सिंक्रोमेशवाला गिअरबॉक्स. १९६६ला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ९ इंच वाढवून मागे पोरांपुरती जागा. मग अमेरिकेच्या नियमांनी हेडलाइटवरच्या काचा गेल्या, १९६८च्या दुसऱ्या मालिकेत तोंड मोठं झालं, १९७१ला बारा सिलिंडर आले, १९७४ला कारखान्यातलं उत्पादन थांबलं. एकूण ७२ हजारांवर गाड्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. सेयर मात्र १९७० मध्येच गेला, ५३व्या वर्षी.

माहितगारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

भटका_खिळा

मस्त लिहिलंय, पत्रेवाले. गोटाची उपमा आमच्या हिला वाचून दाखवली, ती म्हणाली पहिल्यांदाच गाडीचं काहीतरी कळलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

रेवती_ग

मला गाड्यांमधलं 'ग' कळत नाही तरी शेवटपर्यंत वाचला. दोन बाळबोध प्रश्न. शीर्षकात तीन वायपर म्हणालात, लेखात कुठे दिसले नाहीत. आणि एवढी लांब गाडी आणि बसायची जागा अगदी मागच्या चाकांवर, हे कशासाठी?

पत्रेवाला

@रेवती_ग, खरंच राहिलं की. गाडीची उंची फक्त १.२२ मीटर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीपर्यंतही नाही. मग समोरची काच बुटकी आणि रुंद झाली. बुटक्या काचेला लांब वायपर चालत नाही, वर जाऊन टपाला लागेल. आखूड दोन लावले तर मधला पट्टा कोरडा पुसायचा राहतो. म्हणून आखूड तीन. पावसात तिघं एकदम हलतात तेव्हा शाळेतल्या कवायतीसारखं दिसतं.

लांबीचं कारण इंजिन. सहा सिलिंडर एका रांगेत उभे, ती रांगच लांब. ती पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवली की वजन दोन्हीकडे बऱ्यापैकी वाटलं जातं, पण माणसं मागे ढकलली जातात.

तर्ककर्कश

लेख रंजक आहे, पण तीन ठिकाणी भक्तीचा वास येतोय.

१. ही ग्रँड टूरिंग गाडी नव्हे. ग्रँड टूरर म्हणजे दोन माणसं, सामान, आणि एका दमात देश पार केल्यावर कंबर शाबूत. डीबी४ तशी होती. मिलानच्या तूरिंग कंपनीच्या 'सुपरलेजेरा' पद्धतीने बारीक नळ्यांवर अॅल्युमिनियमचा पत्रा, आत चौघांची सोय. ई-टाइप ही शर्यतीची गाडी, नंबर प्लेट लावलेली.

२. तो ताशी १५० मैलांचा गाजावाजा. नियतकालिकांना दिलेल्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या आणि चाचणीला डनलॉपचे रेसिंग टायर होते. शोरूममधून घेतलेली गाडी तिथवर सहसा पोचत नसे.

३. लॉगटेबलाची आरती ओवाळलीत, पण पुढे वाऱ्याच्या बोगद्यात मोजल्यावर तिचा ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, आकडा ०.४४च्या आसपास भरतो. आजची कुठलीही साधी डबा गाडी त्याहून बरी. मग गणिताने नेमकं काय साधलं?

पत्रेवाला

@तर्ककर्कश, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'ऑटोकार'ला ९६०० एचपीने १५०.४ दिले आणि 'मोटर'ला ७७ आरडब्ल्यूने १४९.१, पण त्या दोन गाड्यांचे किती लाड झाले असतील ते धंद्यात असल्यामुळे मी समजू शकतो. आजही चाचणीला द्यायची गाडी कुणी रांगेतली पहिली उचलून देत नाही.

पहिल्यावर भांडेन. बंद टपाची आवृत्ती आली कशी ते ऐका. बॉब ब्लेक हा अमेरिकन पत्रा-कारागीर युद्धानंतर इंग्लंडात राहिलेला. त्याने उघड्या गाडीवर वेल्डिंगच्या सळया वाकवून टपाची रेघ उभी केली. लायन्स फिरत फिरत आले, दोन-चारदा इकडून तिकडून बघितलं आणि करायला सांगितली. त्या टपामागे बाजूला उघडणारं दार आहे, आत सपाट फरशी, दोन मोठ्या सुटकेस आडव्या राहतात. शर्यतीच्या गाडीला सुटकेसची काय गरज? मागचं सस्पेन्शन बॉब नाइटचं. प्रत्येक चाकाला दोन स्प्रिंगा, सगळा पिंजरा रबरावर टांगलेला. कंबर शाबूत राहावी म्हणूनच तो खटाटोप. शिवाय एम-१ मोटरवे १९५९च्या अखेरीस सुरू झालेला, आणि तिथे ताशी ७० मैलांची मर्यादा आली डिसेंबर १९६५ला. मधल्या वर्षांत रस्ता मोकळा आणि कायदा गप्प. अशा वेळी ग्रँड टूरिंग घरापासूनच सुरू होतं.

तिसरा मुद्दा बोचला. यावर जाणकार बोलोत.

निवृत्त_मास्तर

जाणकार नाही, पण जन्मभर गणित शिकवलं, म्हणून दोन शब्द.

आमच्या वेळी अकरावीला चार आकडी लॉगटेबल असे. मुलं विचारायची, सर, सात आकडी कुणाला लागतं? आज उत्तर मिळालं. हिशेब करून बघा. गाडीची लांबी सुमारे ४,४५३ मिलिमीटर. चार आकडी टेबलात एकदा बघितलं की एवढ्या लांबीवर अर्ध्या मिलिमीटरची चूक शक्य आहे. दोन-चार गुणाकार झाले की मिलिमीटर-दीड मिलिमीटर. पत्रेवाल्यांच्या धंद्यात तेवढ्यात भांडणं होतात ना? सात आकडी घेतलं की ती चूक केसाहूनही बारीक.

आणि लंबवर्तुळाची गंमत. समजा मध्यापासून एका बाजूची लांबी २००, उंची ५०. मध्यापासून १२० अंतरावर उंची किती? १२० भागिले २०० म्हणजे ०.६, त्याचा वर्ग ०.३६, एकातून वजा केला ०.६४, वर्गमूळ ०.८. पन्नासाला गुणा: ४०. झालं! असे बिंदू दर इंचाला काढत जा, मग आडव्या छेदाचे काढा. दोन बिंदूंमध्ये कुठेही खड्डा किंवा टेंगूळ यायला जागाच नाही, कारण वळण हाताने काढलेलं नाही. प्रकाश पडला की चमक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता जाते ती यामुळे.

तर्ककर्कश यांचा आक्षेप मात्र योग्य. लंबवर्तुळ काढलं म्हणून वारा ऐकतो असं नाही. कडा, खाच, चाकांची पोकळी, पोटाखालून जाणारी हवा हे सूत्रात नसतं.

तर्ककर्कश

मास्तर, मान्य. एक भर माझीच: वाऱ्याचा विरोध आकार आणि समोरचा चेहरा यांच्या गुणाकारावर ठरतो. गाडी बुटकी आणि अरुंद, चेहरा लहान, म्हणून ०.४४ असूनही ती पळते. चेहऱ्याचं श्रेय सेयरला द्यायला माझी हरकत नाही.

गॅरेजवाला_नाना

रामराम मंडळी. मी मूळचा इचलकरंजीचा, बावीस वर्षं आखातात एका शौकीन माणसाच्या गाड्या सांभाळतो. दोन ई-टाइप हाताखालून गेल्यात. तुम्ही वळणं बघा, मी पाने बघतो.

त्या मागच्या पिंजऱ्याचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. मागचे डिस्क ब्रेक चाकात नाहीत, आत डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, चिकटून आहेत. चाकावरचं वजन कमी, म्हणून चाल मऊ. बरोबर. पण ब्रेकची सगळी उष्णता डिफरन्शिअलच्या ऑइल सीलला. सील भाजलं की तेल गळतं, आणि गळतं कुठं? डिस्कवर. आता डिस्क बदलायची तर अख्खा पिंजरा खाली उतरवायचा. लई भारी कल्पना होती, पण काढणाऱ्यानं कधी गाडीखाली झोपून बघितलं नसावं.

आणि क्लच! साधी क्लच प्लेट बदलायची तर बॉनेट काढा, रेडिएटर काढा, इंजिन-गिअरबॉक्स एकत्र पुढून उचला. आमच्याकडं रिक्षाची प्लेट चहा निवायच्या आत बदलतात.

गंजाचं विसरलात. ते बंद डब्याचं अंग आतून गंजतं, बाहेर रंग तुकतुकीत. दाराखालच्या पेटीवर अंगठा दाबायचा, करकुर आवाज आला की मालकाला पाणी द्यायचं आणि मग आकडा सांगायचा. पुढच्या नळ्यासुद्धा आतून खातात. तिथं तडा असला की मी गाडी घेत नाही.

तरी सांगतो, तिसऱ्या गिअरला इंजिनाचा आवाज चढतो ना, तेव्हा सील-बिल सगळं विसरायला होतं. तेवढं एक आहे.

पत्रेवाला

नाना, _/\_. अंगठ्याची युक्ती आजोबांना सांगितली. ते हसले आणि म्हणाले की त्यांची गाडी विकत घेताना त्यांनी अंगठा वापरला नव्हता, त्यामुळे दोन्ही पेट्या नव्या कराव्या लागल्या.

अनघा_स्लाव

लेख आणि प्रतिसाद दोन्ही सुरेख. माझा या गाडीशी एकदाच संबंध आला, तो नऊवारीत.

धाकट्या जावेच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या मित्रांनी हौसेने भाड्याने ई-टाइप आणली, ती मागे छोटी सीट असलेली. ठरलं की वधूसोबत करवली म्हणून मी जायचं. हॉलपासून फोटोच्या बागेपर्यंत दीड मैल. आता ती दाराखालची पेटी नाना म्हणतायत ना, ती वीतभर रुंद आणि उंच. एक पाय आत, एक बाहेर, काष्टा मध्येच अडकलेला, नथ टपाला. मागे बसले ती गुडघे हनुवटीला लावून. उतरताना दोघींनी ओढून काढलं. फोटोत मात्र आम्ही अशा दिसतोय की रोज याच गाडीतून भाजीला जातो.

ती गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे हे कुणी लिहिलं नाही. १९९६ला त्यांनी निळी उघडी ई-टाइप संग्रहात घेतली. तिथे कुणाला आत बसवत नाहीत, शहाणे आहेत.

चिखलीकर

अभिमानाने नमूद करतो की २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, आणि २०११ पासून आपल्या पुण्याजवळच्या चिखलीत त्यांच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची शान आज मुंबईच्या मालकीची!!

भटका_खिळा

आला, आला, मालकीचा मुद्दा आला. मला वाटलं होतं पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत तरी थांबेल.

तर्ककर्कश

@चिखलीकर, ई-टाइप बंद झाली तेव्हा जग्वार ब्रिटिश लेलँडच्या कडबोळ्यात होती. पुढच्याच वर्षी ते कडबोळं सरकारने घेतलं, १९८४ला जग्वार पुन्हा सुटी झाली, मग फोर्ड, मग टाटा. १९६१च्या गाडीचं श्रेय २००८ मध्ये विकत घेता येत नाही.

पत्रेवाला

धागा भरकटू देऊ नका रे. चिखलीकरांच्या मुद्द्यात एक खरा दुवा आहे, तो सांगतो. १९६३ला शर्यतींसाठी अॅल्युमिनियमच्या अंगाच्या हलक्या ई-टाइप काढायचं ठरलं. १८ गाड्यांचे नंबर राखून ठेवले, पण १२च बांधल्या. उरलेले सहा नंबर पन्नास वर्षं वहीतच राहिले. २०१४ला जग्वारने जुन्या गाडीचा पत्रा स्कॅन करून त्या सहा बांधायला घेतल्या, तेव्हा मालक टाटा होते. माझ्या मते ही श्रेयापेक्षा उधारी चुकवल्याची गोष्ट. आणि त्या कामातलं स्कॅनिंग बघून मला सेयरचे रकाने आठवतात. त्याने आकड्यांवरून पत्रा काढला, आपण पत्र्यावरून आकडे काढतोय.

बारा_सिलिंडर

सगळे पहिल्या मालिकेवर भाळलेत. तिसऱ्या मालिकेची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, घेतो. ५,३४३ घन सेंटिमीटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, हॅसन आणि हॅरी मुंडी यांचं काम. लोक म्हणतात नाक जाळीने बिघडलं, चाकांच्या कमानी फुगल्या, गाडी सुस्तावली. अरे, पण ही गर्दीत तापत नाही, स्टिअरिंगला पॉवर, ब्रेक लागतात! तर्ककर्कशांनी सांगितलेली ग्रँड टूररची व्याख्या हिलाच जास्त लागू. नशीब फुटकं. १९७३ला तेलाचं संकट आलं आणि बारा सिलिंडर पाजायला कुणी तयार होईना. शेवटच्या ५० गाड्यांवर लायन्स यांच्या सहीची पाटी होती. एक सोडून सगळ्या काळ्या.

गॅरेजवाला_नाना

@बारा_सिलिंडर, तापत नाही कोण म्हणालं? आखातात या एकदा.

बारा_सिलिंडर

नाना, तिथे उंटसुद्धा तापतो.

रेवती_ग

तुम्हा सगळ्यांमुळे मी काल रस्त्यात उभी असलेली एक गाडी वाकून आतून बघत होते, वॉचमनने हटकलं. पत्रेवाले, आजोबांच्या त्या पंख्याचं पुढे काय झालं?

पत्रेवाला

@रेवती_ग, पंखा बिघडलेलाच नव्हता. पाणी ठराविक तापलं की पंखा चालू करणारा एक स्विच असतो, त्याच्या टोकावर हिरवी बुरशी चढलेली. आजोबांनी आजींच्या नखांच्या कानशीने ती घासली, वायरी परत जोडल्या, इंजिन चालू करून आम्ही काट्याकडे बघत उभे राहिलो. नव्वदच्या पुढे काटा सरकायला लागला तसे आजोबा चाचपडत चावीकडे हात न्यायला लागले, तेवढ्यात खट् आवाज झाला आणि पंखा फिरला. बॉनेट परत चढवायला मात्र दोन तास गेले. डाव्या बाजूची फट उजवीपेक्षा तीन मिलिमीटर जास्त येत होती. माझ्या खिशात फट मोजायचं फीलर गेज होतं, मी ते काढलं. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते परत ठेवलं. बिजागरीखाली एक वॉशर कमी केला, मग दोन मिलिमीटर राहिली. तिथे आम्ही थांबलो, कारण आजी चहा झाला म्हणून तिसऱ्यांदा हाक मारत होत्या.

क्लच प्लेट संपत आलीय असं ते परवा म्हणाले. नाना, व्यक्तिगत निरोप करतो.